पहिली पाच मिनिटं आपल्याच हातात

बकरी ईद जवळ आली की आपल्याकडचे शेळीपालक बोकड ट्रकमध्ये भरून मुंबईला, देवनारच्या बाजाराला निघतात. १९७१ मध्ये सुरू झालेल्या महापालिकेच्या कत्तलखान्याच्या आवारात हा बाजार भरतो. रात्रीचा प्रवास, जागरण आणि भावाची काळजी, सगळं एकदम अंगावर येतं.

काही वर्षांपूर्वी मी तिथे गेलो होतो. पन्नाशीतले एक काका सकाळपासून छाती भरून आल्यासारखं वाटतंय म्हणत होते, घामानं डबडबले होते. "गॅस झालाय, सोडा घ्या," सोबतचे म्हणाले. दुपारी काका बोकडांजवळच कोसळले. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी तोंडात पाणी ओतलं. मीही नुसता बघत उभा. दवाखाना लांब नव्हता, पण पोचेपर्यंत उशीर झाला होता. कुठल्या किडीला कोणतं औषध किती मारायचं हे मला पाठ. माणसाचं हृदय थांबलं तर काय करायचं हे मात्र ठाऊक नव्हतं.

मुंबईत ही गत, तर वाडी-वस्तीवर काय होणार? राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, पण तिला यायला वेळ लागतोच. हृदय थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. म्हणजे जीव वाचवायचा तो शेजारी उभ्या असलेल्यानेच.

माणूस शुद्धीवर आहे, पण छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम असं असेल तर चालवू नका, बसवा आणि लगेच १०८ ला फोन करा. हाक मारून, खांदा हलवून ओ देत नसेल आणि श्वास नसेल, किंवा नुसते आचके देत असेल, तर हृदय थांबलं असं समजा. आचके म्हणजे श्वास नव्हे. एकाला फोनला लावा. माणसाला खाटेवर नको, कडक जमिनीवर उताणा निजवा. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेवा, त्यावर दुसरा हात. कोपरं ताठ ठेवून पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांनी माणूस बदला, पण दाबणं थांबवू नका. एखादी बरगडी मोडली तरी चालेल, जीव गेला तर परत येत नाही.

मोटारीचा शॉक लागला असेल तर आधी वीज बंद करा, मगच हात लावा. विहिरीत बुडालेल्याला तोंडाने श्वासही द्यावा लागतो: ३० दाब, मग दोन श्वास. कीटकनाशक पोटात गेलं असेल तर मात्र तोंडाला तोंड लावू नका.

पण नुसतं वाचून हे येत नाही, हाताला सवय लागते. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांना माझी विनंती आहे. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावून प्रात्यक्षिक ठेवा. प्रत्येक वस्तीवर दोन माणसं तरी तयार करा, त्यात एक बाई असू द्या. बाप्ये बाजाराला गेल्यावर घरी बायाच असतात.

देवनारला मी उभा राहिलो, तसं तुम्हाला उभं राहायला लागू नये.