ओवा स्वयंपाकघरात, शेगडीवर नको

पिझ्झ्यावर भुरभुरण्याच्या ‘थाइम’च्या बाटल्या आता आपल्याकडच्या दुकानांतही दिसतात. युरोपात ही वनस्पती खोकल्याच्या औषधातही जुन्या काळापासून वापरतात. तिच्यातला थायमॉल हा घटक आपल्या ओव्यातही भरपूर आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी थायमॉल काढण्यासाठी भारतातून जर्मनीला ओवा जात असे. काष्ठौषधीच्या दुकानातले ‘ओव्याचे फूल’ म्हणजे हेच थायमॉल. ते जंतुनाशक आहे.

तेव्हा भज्यांत, थालीपिठात ओवा जरूर घाला. पोट जड वाटले तर मोठ्या माणसाने चिमूटभर चावून खायलाही हरकत नाही. माझी हरकत आहे ती तान्ह्या बाळावरच्या प्रयोगांना.

बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवायची, निखाऱ्यांवर ओवा टाकायचा आणि त्या धुरीने बाळालाही शेकायचे, ही पद्धत अजून गेलेली नाही. थंडीत दारे-खिडक्या बंद असतात. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो; तो जीव घेऊ शकतो. धुराने बाळाची श्वासनलिका चुरचुरते, भाजण्याचा धोका वेगळाच. ऊब हवी असेल तर बाळाला टोपडे घालून आईच्या उघड्या छातीशी धरावे आणि वरून पांघरूण घ्यावे. त्याहून चांगली शेगडी नाही.

दुसरा प्रकार अमृतधारेचा. ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर यांचे हे मिश्रण. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. म्हणून त्याचा थेंबही बाळाच्या तोंडात किंवा नाकाशी नको.

सर्दी-खोकल्यात बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षे 40 किंवा जास्त भरला, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. 108 ला फोन करून रुग्णालय गाठा.

बाळंतपणानंतर आशाताई 42 दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतात. त्यांनी वजनाबरोबर खाटेखालीही पाहावे, आणि बोलावे ते बाळाच्या आजीशी. शेगडी ठेवायची की नाही, हे घरात बहुधा तीच ठरवते.