नवा एक्सल बसवला, तरी ढिल कशी?

जुनी मारुती घेऊन तिच्यावर घर चालवणारी माणसे आज गावोगाव आहेत. हिंगोली जिल्ह्यातील कुरुंद्यासारख्या मोठ्या गावात वसमत-नांदेडला पेशंट नेणे, लग्नाचे भाडे मारणे हे रोजचेच काम. अशी गाडी दोन दिवस गॅरेजात उभी राहिली की घरातल्या चुलीलाही त्याची झळ लागते. म्हणून या वेळी आम्ही एक नेहमीची तक्रार घेतली आहे. पुढचा एक्सल बदलला, पैसे मोजले, आणि तरीही हाताने धरून पाहिले तर एक्सल हलतोच. मग मेकॅनिकशी वाद होतो आणि दुसरा एक्सल आणण्याची भाषा सुरू होते. आमचे सांगणे एवढेच की, दुसऱ्यांदा खिशात हात घालण्यापूर्वी ढिल नेमकी कोठे आहे ते शोधा.

अॅम्बॅसिडर आणि पद्मिनी या गाड्यांत इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी सामान्य माणसाच्या ओळखीची झाली. अल्टो, वॅगन-आर त्याच पद्धतीच्या. पुढच्या चाकाला फिरायचेही असते, वळायचेही असते आणि खड्ड्यात वर-खालीही व्हायचे असते. म्हणून या एक्सलला दोन सांधे असतात. चाकाकडच्या सांध्यात पोलादी गोळ्या असतात. फोर्ड कंपनीच्या अल्फ्रेड झेप्पा या इंजिनियरने १९२० च्या दशकात ही रचना काढली. गिअरबॉक्सकडचा सांधा वाकतो, शिवाय आत-बाहेर सरकतोही.

यातच पहिले उत्तर आहे. एक्सल धरून आत-बाहेर ढकलला आणि तो बोटाच्या पेरभर सरकला, तर तो दोष नव्हे. तो सरकला नाही तर खड्ड्यात चाक वर-खाली होणारच नाही. तसेच इंजिन बंद ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून एक्सल पिळला तर थोडासा मागेपुढे फिरतो. ती गिअरच्या दात्यांमधली जागा असते. दुसऱ्या बाजूचा जुना एक्सलही तसाच पिळून पाहा. दोन्हीकडे सारखेच असेल तर काळजीचे कारण नाही. मात्र सांध्याजवळ एक्सल वर-खाली खडखड हलत असेल, तर ते ठीक नाही.

तपासायची रीत अशी. गाडी सपाट जागेवर घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. जॅकने उचलल्यावर खाली भक्कम स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. जॅक घसरला तर माणूस वाचत नाही.

आता चाक वरून आणि खालून धरून हलवा. हलले तर घरातल्या कोणाला तरी गाडीत बसवून ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिल गेली तर संशय चाकाच्या बेअरिंगवर किंवा एक्सलच्या मोठ्या नटावर घ्यावा. ढिल तशीच राहिली तर बहुधा खालचा बॉल जॉइंट गेलेला असतो. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर ढिल लागली तर स्टिअरिंगचा टाय रॉडही पाहावा. यांपैकी कशातही नव्या एक्सलचा दोष नाही. एक्सल कितीही वेळा बदलला तरी ही ढिल जाणार नाही.

एक्सलच्या टोकाचा मोठा नट फार महत्त्वाचा. तो नुसत्या अंदाजाने आवळू नये. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने, टॉर्क पान्याने आवळावा आणि पिन लावून किंवा नटाची कड खाचेत ठोकून पक्का करावा. नट सैल राहिला तर गाडी निघताना किंवा मागे घेताना टक् असा आवाज येतो आणि नवे बेअरिंगही लवकर खराब होते.

आतले टोक गिअरबॉक्समध्ये पूर्ण बसले पाहिजे. पुष्कळ गाड्यांत तेथे तारेची छोटी कडी असते. ती खटकन बसते. सांध्याची वाटी धरून हलकेच बाहेर ओढा. ती निघू नये. नुसता दांडा ओढू नका, त्याने आतला सांधा सुटू शकतो. तेथून गिअर ऑइल गळत असेल तर एक्सल नीट बसला नाही किंवा सील दुखावले आहे असे समजावे.

आवाजही खूण सांगतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट आली तर बाहेरचा सांधा. वेग घेताना थरथर झाली तर आतला. वेगाबरोबर वाढणारी घुमघुम आली तर बेअरिंग. गिअर बदलताना धप्प आवाज आला तर इंजिनाचे माउंटिंगही तपासावे.

सांध्यावरच्या रबरी बुटाकडेही लक्ष असू द्या. बूट फाटला की ग्रीस उडते आणि चिखल आत जातो. मग सांधा फार दिवस टिकत नाही. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत कुरुंद्यात घरांत पाणी शिरले होते. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी बूट पाहिल्याशिवाय रस्त्यावर काढू नये. फाटलेला बूट वेळीच बदलला तर आख्ख्या एक्सलचा खर्च वाचतो.

एक शेवटची गोष्ट. जुना एक्सल भंगारात देण्याआधी नव्याशेजारी ठेवून लांबी आणि टोकावरचे दाते मोजून घ्या, आणि पक्की पावती घ्या. बदलेला सुटा भाग दाखवा, असे मेकॅनिकला विचारण्यात संकोच कसला? चांगला कारागीर त्याने रागावत नाही. गाडी आपली, पैसा घामाचा आणि आत बसणारी माणसे कोणाच्या तरी घरची. तेव्हा ढिल कोठे आहे हे समजल्याशिवाय पैसेही देऊ नका आणि भाडेही घेऊ नका.