जंतांचे औषध मिळाले, खनिजांचे काय?

पावसाळ्यात शेळ्यामेंढ्यांना जंतांचा उपद्रव वाढतो, हे सिंदखेड राजा तालुक्यातील दुसरबीडच्या शेतमजुराला कोणी सांगावयास नको. हिमाँकस नावाचा जंत जनावराच्या चौथ्या पोटात राहून रक्त शोषतो. पापणीची आतली बाजू पांढरी पडते, जबड्याखाली पाणी साचते आणि अखेर जनावर दगावते. यावर ठरलेले उत्तर एकच : जंतनाशक पाजा. औषध आवश्यक आहेच. परंतु एकाच कळपातील एक शेळी तग धरते आणि दुसरी मरते, ती का?

याचे उत्तर काही अंशी वंशात, तर पुष्कळ अंशी वैरणीत आहे. गेलेले रक्त भरून येण्यास प्रथिनांबरोबर लोह, तांबे आणि कोबाल्ट लागते. जंतांशी झुंजणाऱ्या पेशींना जस्त व सेलेनियम हवे. ही द्रव्ये कणभरच लागतात; पण तो कण न मिळाल्यास प्रतिकारशक्ती लंगडी पडते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीतून जस्त पिकाला सहजी मिळत नाही. जे चाऱ्यात उतरत नाही, ते पोटात कोठून येणार? त्यात विदर्भात ज्वारी हटून सोयाबीन आले आणि कडबा घटला.

दुसरीकडे, तेच औषध वारंवार पाजल्याने जंत त्याला दाद देईनासे होतात. म्हणजे गरिबाचा पैसाही जातो आणि शेळीही जाते. २०१९च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आहेत. त्यांतील बहुसंख्य भूमिहीन व अल्पभूधारकांच्या दारी, घरातील स्त्रियांच्याच देखरेखीखाली वाढतात. आजारपणात किंवा लग्नकार्यात विकता येणारे त्यांचे भांडवल तेवढेच.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून जंतनाशकाबरोबर खनिजांची चाटण-वीटही मिळावी, आणि माती व चारा तपासून तिचे प्रमाण ठरावे. तांबे मेंढीला सहज विषारी ठरते. म्हणून गाईचे मिश्रण तिला सरसकट देऊ नये. पापणी पाहून, फिकट पडलेल्या जनावरांनाच औषध पाजण्याची रीत शेळीपालक स्त्रियांना शिकवावी. आणि गायराने चराईसाठी राखावीत.

खनिजे जंत मारीत नाहीत. ती जनावराला झुंजण्याचे बळ देतात. हे बळ केवळ ऐपतदारांच्या गोठ्यातच का असावे? कार्यकर्त्यांनी हा प्रश्न ग्रामसभेत मांडलाच पाहिजे.