स्लीपिंग बॅग बंधनकारक?

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आमच्या मुलांचं दोन रात्रींचं निसर्ग शिबिर पालला ठरलं. सामानाची यादी मीच लिहिली. ताट, वाटी, टॉर्च, स्वेटर आणि सहाव्या क्रमांकावर 'स्लीपिंग बॅग – बंधनकारक'. हा शब्द मी एका जुन्या यादीवरून उतरवला होता. फार विचार केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आठवीतला एक मुलगा म्हणाला, "सर, मेरेकू नहीं आना." वर्गात पक्ष्यांची नावं सगळ्यांत आधी सांगणारा तोच. कारण विचारलं तर "ऐसेच" म्हणाला आणि खाली पाहू लागला. शिबिर झाल्यावर एका जुम्याला, नमाजनंतर त्याच्या अब्बांची गाठ पडली. त्यांनी बाजारात विचारलं होतं. दुकानदाराने तीन हजार सांगितले. त्यांची रोजंदारी मला माहीत आहे. "बच्चे को बोला, अगले साल," ते म्हणाले आणि हसले. त्या हसण्याने मला जास्त लाज वाटली.

मग मी या पिशव्यांचा अभ्यास करायला बसलो. इंटरनेटवर स्वस्त स्लीपिंग बॅग शोधली, की बहुतेक सल्ला अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचा सापडतो. हरणामागे चार-पाच दिवस डोंगरात, सगळं सामान पाठीवर, रात्री बर्फ. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि ते चांगलंच झालं. पण शिकाऱ्याचा तो सल्ला मात्र आपण जसाच्या तसा उचलला आहे. दुकानदारही तोच सांगतो, 'उणे अमुक अंशांपर्यंत चालते'.

आम्ही दीपनगरची माणसं. घरातून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात आणि हवा स्वच्छ असली की तापीपलीकडे सातपुड्याची रांग. भुसावळचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे, पण थंडीच्या लाटेत इथेही पारा दहाच्या खाली जातो. पाल सातपुड्यात, यावल अभयारण्याच्या भागात. तिथे पहाटे गारठा जास्त आणि दवही पडतं. म्हणजे थंडी खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. पण ती बर्फाची थंडी नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं: बॅग कोणती घ्यायची हे विचारण्याआधी ती वाहणार कोण, हे विचारा. शिकाऱ्याला ती पाठीवर न्यायची असते, म्हणून त्याला हलकी आणि लहान होणारी वस्तू लागते. त्या हलकेपणाचेच जास्त पैसे असतात. आमची बस थेट मुक्कामाच्या दारापर्यंत जाते. मग दोन गोधड्यांचं ओझं बसला काय जड? आमच्या घरांत दादीच्या हातची गुदडी असतेच. जुन्या लुगड्यांचे, ओढण्यांचे थर एकावर एक शिवलेले. ऊब तीही देते. धुळ्याकडचे ठेलारी मेंढपाळ घोंगडीवर उघड्या रानात रात्री काढत आले आहेत. बसने जायचं असेल तर 'बंधनकारक' हा शब्द यादीत असण्याचं काहीच कारण नाही.

पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढायचा असेल, तर मात्र बॅग घ्यावी. तेव्हा चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, आकडा. चांगल्या बॅगेवर तीन तापमानं लिहिलेली असतात: आरामाचं, मर्यादेचं आणि टोकाचं. टोकाचा आकडा म्हणजे जीव वाचेल एवढंच. त्यात झोप नाही. जाहिरातीत पुष्कळदा हाच मोठा छापतात. आपण आरामाचा आकडा पाहायचा. हे आकडे प्रौढ माणसांवरून ठरवलेले असतात, मुलांसाठी थोडी सूट धरावी. आपल्या भागात आराम पाच ते दहा अंश पुरे. आणि अंश कोणते तेही वाचावं. अमेरिकी बॅगेवरचे वीस अंश फॅरनहाइट असतात, म्हणजे आपले जवळपास उणे सात. तेवढी बॅग इथे घेतली तर पैसे वाया आणि रात्रभर घाम.

दुसरी, आतलं भरण. पिसांची बॅग हलकी, पण महाग, आणि ओली झाली की निकामी. पोकळ धाग्याचं कृत्रिम भरण थोडं जड, पण स्वस्त, दमट झालं तरी ऊब धरणारं आणि घरी धुता येणारं. आपल्यासाठी हेच.

तिसरी, आकार. पायाकडे निमुळती आणि टोपी असलेली बॅग कमी भरणात जास्त उबदार राहते. चौकोनी बॅग उघडली की घरी पांघरूण म्हणून वापरता येते. अंगाला फार ढगळ बॅग घेऊ नये. आतली रिकामी हवा तापवायला आपलंच अंग खर्ची पडतं.

चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची, खालची चटई. बॅग स्वतः गरम नसते, ती आपली ऊब अडवून धरते. पाठीखाली भरण दबतं आणि तिथून जमीन ऊब ओढून घेते. मी स्वतः पालला चांगल्या बॅगेत, पण नुसत्या फरशीवर झोपलो आणि तीन वाजता उठून बसलो. शेजारी एक मुलगा जाड फोमच्या चटईवर दोन गोधड्यांत गाढ झोपला होता. पैसे कमी असतील तर बॅगेतून वाचवा, चटईतून नाही. चटई नसेल तर ताडपत्रीवर कोरड्या कडब्याचा थरही चालतो.

आता माझं दुसरं म्हणणं, आणि ते शिक्षकांसाठी आहे. अशी वस्तू वर्षातून दोन रात्री वापरली जाते. ती प्रत्येक घराने विकत घेणं हा शहाणपणा नाही. ती शाळेच्या कपाटात असावी. गेल्या वर्षी आम्ही काही शिक्षकांनी आणि जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून बारा बॅगा घेतल्या, प्रत्येकी पंधराशेच्या आत. स्वच्छतेचा प्रश्न आला तेव्हा प्रत्येक मुलाने घरून जुनी चादर दोन बाजूंनी शिवून पिशवीसारखी आणली. ती आत घालून झोपायचं आणि घरी जाऊन धुवायची. बॅगा आम्ही दाबून ठेवत नाही, खुंटीला टांगतो. दाबून ठेवल्या तर भरण बसतं.

कोणी म्हणेल, एवढ्याशा पिशवीवर इतकं कशाला? हजला गेलेल्यांना विचारा. एहरामात शिकार हराम आहे, आणि त्याच एहरामात मुजदलिफाची रात्र उघड्या आकाशाखाली, जमिनीवर काढायची असते. कपडा सगळ्यांचा सारखा. त्या रात्रीतून आपण एवढं जरी शिकलो, की कोणाच्या अंथरुणावरून त्याची ऐपत मोजायची नाही, तरी पुष्कळ झालं. आणि मी मात्र आठवीच्या पोरांकडून 'बंधनकारक' लिहून तेच मोजून घेतलं होतं.

गेल्या वर्षीच्या यादीत सहाव्या क्रमांकावर लिहिलं: 'अंथरूण-पांघरूण, घरात असेल ते. नसेल तर सरांना सांगा.' तो मुलगा आला. पहाटे सगळ्यांच्या आधी उठला आणि मला हलवून म्हणाला, "सर, उठो, घुबड बोल रहा." मी उठलो. थंडी होती, पण बाहेर जाण्यासारखी होती.