पोरीच्या ताटाकडे आणि आपल्या जिभेकडे



गेल्या पावसाळ्यात आपाकडे अवसरी बुद्रुकला चार दिवस राहिले होते. बाजरीची भाकरी, बटाट्याचा रस्सा, वर ठेचा. सगळे दस्तरखानावर बसले, पण अकरावीत शिकणारी भाची काही आली नाही. "खाला, मी कॉलेजातच खाल्लं," ती आतूनच म्हणाली. रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी गोठ्याकडे गेले, तर ही आपला डबा शेळीपुढे रिकामा करत होती.

आपाला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, वजन कमी करतेय ती. परवाच्या लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं, किती छान बारीक झाली म्हणून." रात्री भाचीला जवळ घेऊन विचारलं, तेव्हा खरं कळलं. आदल्या ईदला एका पाहुणीने तिला सगळ्यांसमोर ‘हत्तीण’ म्हटलं होतं. सगळे हसले. "खाला, तुम्हीपण हसला होता," ती म्हणाली. मला आठवतसुद्धा नव्हतं. तिने मात्र त्या दिवसापासून एक वेळचं जेवण सोडलं होतं.

तिची पाळी तीन महिने आली नव्हती. केस गळत होते, उठताना चक्कर येत होती, पावसाळ्यातही थंडी वाजत होती. घरच्यांना वाटत होतं, अभ्यासाचा ताण आहे. आम्ही तिला मंचरला डॉक्टरांकडे नेलं. रक्त कमी निघालं. डॉक्टरांनी एक गोष्ट समजावली, ती प्रत्येक आईने ऐकण्यासारखी आहे. वयात येताना मुलीच्या अंगावर चरबी वाढते, कंबर रुंद होते. हा आजार नाही, ती शरीराची तयारी आहे. नेमक्या त्याच वयात आपण तिला ‘जाड झालीस’ म्हणतो.

आपल्या देशात 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयाच्या शंभरातल्या सुमारे 59 मुलींना रक्तक्षय आढळला. अशा मुलीने जेवण तोडलं तर काय उरणार?

हे शहरातल्या श्रीमंतांचं दुखणं आहे असं समजू नका. फिजी बेटांवर पूर्वी भरल्या अंगाची बाई देखणी मानत. 1995 मध्ये तिथल्या एका भागात टीव्ही आला. तेव्हा वजन घटवण्यासाठी उलट्या काढणारी एकही शाळकरी मुलगी अभ्यासकांना सापडली नव्हती. 1998 मध्ये पुन्हा विचारलं, तर शंभरात अकरा मुली तसं करत होत्या. आता तर प्रत्येक पोरीच्या हातात मोबाइल आहे, आणि त्यातले चेहरे फिल्टरने घासूनपुसून काढलेले असतात. मुलंही यातून सुटलेली नाहीत. जिममध्ये छाती फुगत नाही म्हणून डबाबंद पावडरी खाणारे, ‘काडी पैलवान’ ऐकून आरशासमोर कुढणारे आपल्याच घरात आहेत.

हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांच्या पिंढऱ्या फार बारीक होत्या. ते झाडावर चढले असताना त्या पाहून काही लोक हसले. प्रेषितांनी (स.) हसणाऱ्यांना सांगितलं की, कयामतच्या तराजूत हे पाय उहुद डोंगराहून भारी ठरतील. ही हदीस आपण मुलांना सांगतो. जेवायला बसलेल्या फुफी-चाचींनाही सांगायला हवी.

मग घरात करायचं काय? वजनावरून, रंगावरून नाव ठेवायचं नाही, गमतीतही नाही. ‘बारीक झालीस’ हे कौतुकसुद्धा जपून करा, कारण त्यामागे उपास असू शकतो. दिवसातून एकदा तरी सगळ्यांनी मिळून जेवावं आणि त्या वेळी ताटावरून वाद घालू नये. मूल सारखं जेवण टाळत असेल, जेवताच मोरीत जाऊन दार लावत असेल, सारखं वजन करत असेल, अंग झाकायला ढगळ कपडे घालत असेल, तर रागवू नका. शांतपणे विचारा आणि डॉक्टरांना दाखवा. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयासारखी सरकारी रुग्णालयं जवळ असतात. मनाच्या त्रासासाठी 14416 हा सरकारचा ‘टेलि-मानस’चा मोफत क्रमांक आहे.

रमजानमध्ये जास्त लक्ष असू द्या. रोज्याच्या आडून जेवण टाळणारी मुलं इफ्तारलाही दोन खजुरांवर उठतात. आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे, ते रोजे नंतर ठेवता येतात. डॉक्टरांनी नको म्हटलं असेल, तर मुलीला लाजवू नका.

भाची अजून पूर्ण बरी नाही. कधी अर्धी भाकरी खाते, कधी ताट सरकवते. आपाने तिला जबरदस्ती करणं सोडलंय, नुसती शेजारी बसून जेवते. मी तिची माफी मागितली. ती काही बोलली नाही, पण निघताना माझ्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू ठेवले. वाटेत एस.टी.त खायला काढले, तर डब्यात एक लाडू अर्धा खाल्लेला होता. एवढ्यावरही माझ्या तोंडून अल्हम्दुलिल्लाह निघालं.