घरातील गरम पाणी : तिसऱ्या नळीची ओळख



आपल्याकडे गीझर न्हाणीघराच्या भिंतीवरच असतो. त्याआधी बंबातले पाणी थेट बादलीत येई. कॅरीतील घरांची रीत निराळी. गॅरेजमध्ये किंवा पोटमाळ्यावर एकच टाकी असते आणि तीच साऱ्या घराला गरम पाणी पुरविते. दूरची न्हाणी टाकीपासून ६० फुटांवर असेल, तर वाटेत थंडावलेले पाणी आधी वाहून जावे लागते. पाऊण इंची तांब्याच्या तेवढ्या नळीत सुमारे दीड गॅलन पाणी मावते. दिवसातून चारदा ते सोडले, तर वर्षाला सुमारे २,२०० गॅलन होतात. जॉर्डन लेकमधून उपसून शुद्ध केलेले हे पाणी न वापरताच गटारात जाते. भारतातून आलेले आपले आईवडील नळाखाली बादली धरून ते झाडांना घालतात, ते उगीच नव्हे.

यावर उपाय म्हणून अनेक घरांत गरम पाण्याचे फिरते वळसे बसविलेले असतात. एक लहान पंप नळीतील थंडावलेले पाणी टाकीकडे परत नेतो. जुने घर घेतलेल्या पुष्कळ कुटुंबांना मात्र ही सोय आपल्या घरात आहे, हेच ठाऊक नसते.

ती ओळखावी कशी? टाकीला साधारणतः दोन नळ्या असतात : एक थंड पाणी आत आणणारी, दुसरी गरम पाणी नेणारी. तिसरी नळी खालच्या निचऱ्याच्या तोटीशी किंवा थंड नळीला येऊन मिळत असेल आणि तिच्यावर मुठीएवढा पंप असेल, तर ती परतीची नळी होय. मात्र टाकीच्या सुरक्षा व्हॉल्व्हपासून निघून उघड्या तोंडाने खाली उतरणारी नळी वेगळी. ती दाब वाढल्यास पाणी सोडण्यासाठी असते. ती कधीही बंद करू नये. काही घरांत परतीची नळी नसते. त्याऐवजी दूरच्या बेसिनखाली गरम व थंड नळ्यांना जोडणारा व्हॉल्व्ह असतो. तेथे थंड नळाला काही क्षण कोमट पाणी येते, हीच त्याची खूण.

पंपाचा प्लग लावल्यावर काही मिनिटांत परतीची नळी कोमट लागली पाहिजे. पंप गुणगुणतो पण नळी थंडच राहते, तर एखादी तोटी बंद असेल किंवा नळीत हवा अडकली असेल. पंप बंद असताना गरम नळाचे पाणी कोमट येऊ लागले, तर उलटा प्रवाह रोखणारा चेक व्हॉल्व्ह निकामी झाल्याची शंका घ्यावी. नळीत पाणी नसताना पंप चालवू नये.

आता वापराविषयी. पंप अहोरात्र चालविणे हिताचे नाही. २५ वॅटचा पंपही वर्षभरात २१९ युनिट वीज घेतो. त्याहून मोठे नुकसान म्हणजे सतत गरम राहिलेल्या नळ्या भिंतींत उष्णता सांडत राहतात. टायमर लावून सकाळचे दोन व रात्रीचे दोन तास पुरेसे होतात. बटण दाबल्यावरच चालणारा पंप याहून काटकसरीचा. उघड्या नळ्यांवर फोमचे वेष्टन घालावे. खर्च थोडा आणि लाभ रोजचा.

एक इशारा आवर्जून द्यावासा वाटतो. पूर्वी गरम पाणी यायला मिनिटभर लागे, तेवढ्यात हात मागे घेता येई. वळसा सुरू झाल्यावर नळ उघडताच कढत पाणी येते. १४० अंश फॅरनहाइटच्या पाण्याने काही सेकंदांतच त्वचा भाजते. घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील, तर नळाशी येणारे पाणी १२० अंशांवर, म्हणजे सुमारे ४९ अंश सेल्सियसवर ठेवावे. गॅस, वीज किंवा टाकीची जोडणी उघडण्याचे काम परवानाधारक प्लंबरकडेच सोपवावे.

या शनिवारी टाकीपाशी जाऊन नळ्या मोजाव्यात. तिसरी आढळली, तर घराच्या किमतीत ज्याचे पैसे आपण आधीच मोजले आहेत, ते वापरात येईल.