खुनी कळला, मग उरले काय?

'दिसायला देखणा आहे हो, पण खुनी कोण ते कळलं की संपलं. पुन्हा बघण्यासारखं उरतं काय त्यात?'

तमिळ रहस्यपटांचा विषय निघाला की हे वाक्य मला कोणी ना कोणी ऐकवतेच. कार्तिक नरेन या विशीतल्या पोराने 2016 साली 'ध्रुवंगळ पदिनारु' केला तेव्हा ऐकले, विजय अँटनीचा 'कोलै' 2023 साली आला तेव्हाही ऐकले. छायाप्रकाश सुंदर, चौकटी सुंदर, पण आत पोकळ, असा एकूण निकाल. गेल्या महिन्यात आमच्या घरी दहाबारा जणांनी मिळून 1954चा 'अंद नाळ' पाहिला. चित्रपट संपल्यावर चहाबरोबर पुन्हा तीच चर्चा सुरू झाली आणि आणखी दोन आक्षेपांची त्यात भर पडली. एक, गाणी नसल्यामुळे तो तेव्हा चालला नाही, म्हणजे प्रेक्षकांनी कौल दिलेलाच आहे. दुसरा, ही 'राशोमोन'ची नक्कल आहे. त्या संध्याकाळी मी नीट उत्तर देऊ शकले नाही, ते इथे देते. खुनी कोण हेही मी सांगणार आहे, कारण ते लपवून ठेवले तर माझा मुद्दाच मांडता येणार नाही.

आधी कथा. 1943चे मद्रास. 11 ऑक्टोबरला जपानी विमानाने त्या शहरावर बॉम्ब टाकले, हा इतिहास. त्याच दिवसांत राजन नावाचा रेडिओ इंजिनियर आपल्या घरात गोळी लागून मरतो. गोळीच्या आवाजानेच चित्रपट सुरू होतो. मग गुप्तचर अधिकारी शिवानंदम एकेकाला बोलते करतो: शेजारी चिन्नय्या, धाकटा भाऊ पट्टाबी, भावजय हेमा, राजनची प्रेयसी अंबुजम आणि पत्नी उषा. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि प्रत्येकाच्या सांगण्यातून राजन नव्याने जिवंत होतो. दिग्दर्शक एस. बालचंदर, पटकथाकार जावर सीतारामन (शिवानंदमही तेच झाले आहेत), छायाचित्रकार एस. मारुतिराव, निर्माते एव्हीएमचे मय्यप्पन. राजनच्या भूमिकेत शिवाजी गणेशन, उषाच्या भूमिकेत पंढरीबाई. चित्रपटात एकही गाणे नाही, नाच नाही, मारामारी नाही. तमिळमध्ये असे पहिल्यांदाच घडत होते.

न चालल्याचा आक्षेप आधी घेते, कारण तो सर्वांत जोरात मांडला जातो. प्रेक्षक नाराज झाले, गाणी कुठे आहेत असे विचारू लागले, हे खरे. पण तो प्रेक्षक कोणत्या सवयीत वाढला होता ते पाहिले पाहिजे. त्याच मद्रासमध्ये त्यागराज भागवतरांचा 'हरिदास' 1944च्या दिवाळीत लागला आणि ब्रॉडवे थिएटरात तीन दिवाळ्या पाहून उतरला. आईबापांना छळणारा मुलगा पुढे त्यांच्याच सेवेत देवालाही थांबवून ठेवतो, ही आपल्या पुंडलिकाच्या कथेशी जुळणारी गोष्ट. लोक ती भागवतरांच्या गाण्यांसाठी पुन्हा पुन्हा बघत होते. अशा प्रेक्षकासमोर दहा वर्षांनी बिनगाण्याचा चित्रपट आला. त्यातून त्यात होता 'पराशक्ती'चा शिवाजी गणेशन, रंगभूमीवर आपल्या छत्रपतींची भूमिका केल्यामुळे ज्याच्या नावामागे 'शिवाजी' लागले तो, आणि पडदा उजळताच तो मेलेला. लोक नाराज झाले नसते तरच नवल! पण ती नाराजी न मिळालेल्या गोष्टीबद्दलची होती. जे मिळाले ते वाईट होते, असा त्यातून निष्कर्ष निघत नाही. दुसऱ्या राष्ट्रीय पुरस्कारांत, म्हणजे अत्र्यांच्या 'महात्मा फुले'ला रजतपदक मिळाले त्याच वर्षी, 'अंद नाळ'ला गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र मिळाले. त्यानंतर तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्यापेक्षा बरा चालला. चित्रपट तोच होता. दुसऱ्या वेळी आलेल्या माणसांना आपण काय बघायला चाललो आहोत ते ठाऊक होते, एवढाच फरक. मग प्रेक्षकांचा कौल म्हणून दाखवायचा तो नेमका कोणता, पहिला की दुसरा?

आणि गाणी गाळली कोणी? बालचंदर हे वीणावादक. पुढे 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळाले ते संगीतासाठीच. ज्याच्या बोटांत संगीत आहे अशा माणसाने गाणी वर्ज्य केली. त्याचे कारण मला कथेतच दिसते. राजन रेडिओचा माणूस आहे. आवाज दूरवर पोचवणे हे त्याचे काम आणि त्याच मार्गाने तो बिघडतो. सगळा चित्रपट जबान्यांचा आहे, म्हणजे कान देऊन ऐकण्याचा. कोण कोणता शब्द उच्चारतो, कुठे अडखळतो, कुठे गप्प बसतो, यावर तपास चालतो. मध्येच कुणी गाऊ लागले असते तर आपले कान त्या पहाऱ्यावरून सुटले असते. रहस्यपटात गाणे असूच नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. राजा परांजपे यांच्या 'पाठलाग'मध्ये गाणी आहेत आणि ती रहस्याला धरून आहेत. तोच 'पाठलाग' हिंदीत 'मेरा साया' झाला आणि तमिळमध्ये 'इदय कमलम'. प्रत्येक कथेला आपली गरज असते. 'अंद नाळ'ची गरज शांततेची होती, आणि संगीत जाणणाऱ्याने ती ओळखली.

आता नक्कल. कुरोसावाचा 'राशोमोन' 1950चा आणि व्हेनिसचा सुवर्णसिंह त्याला 1951 साली मिळाला. बालचंदरांवर त्याचा प्रभाव होता, हे मी नाकारत नाही. पण दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहा. 'राशोमोन'मध्ये घटना एकच, तिच्या कहाण्या चार आणि त्या परस्परांना खोट्या पाडणाऱ्या. शेवटी खरे काय ते कळत नाही, आणि कळू न देणे हेच त्या कलाकृतीचे सत्त्व. 'अंद नाळ'मधली माणसे एका घटनेबद्दल भांडत नाहीत. प्रत्येक जण राजनशी आलेला आपला संबंध सांगतो. भावाला पैसा नाकारणारा राजन, अंबुजमला नादी लावणारा राजन, उषाने तरुणपणी ज्याच्यावर जीव लावला तो बुद्धिमान राजन. हे सगळे एकाच वेळी खरे असू शकतात, नव्हे आहेतच. तिथे सत्य विरघळते, इथे ते थरांनी साचत जाते. कुणाला जवळचे उदाहरण हवेच असेल तर ते अँथनी अॅस्क्विथच्या 'द वूमन इन क्वेश्चन' या 1950च्याच ब्रिटिश चित्रपटाचे आहे. तिथेही खून झालेली स्त्री पाच जणांच्या नजरेतून दिसते. पण सांगाडा कुठून आला यावर जर मोल ठरवायचे असेल, तर नळदमयंतीवर लिहिणाऱ्या प्रत्येक कवीला आपल्याला चोर ठरवावे लागेल.

मुख्य आक्षेप मात्र पोकळपणाचा आहे, आणि मला सर्वांत जास्त सलतो तोही हाच. शैली वेगळी आणि आशय वेगळा, शैली म्हणजे वरचे वेष्टन, असे आपण किती सहज धरून चालतो. मारुतिरावांचा काळोख बघा. अर्धे चेहरे अंधारात, भिंतीवर माणसापेक्षा मोठी त्याची सावली. 'अमेरिकन गुन्हेपटांची नक्कल' असे आमच्याकडचे एक जण म्हणाले. पण हे शहर 1943चे मद्रास आहे. दिवे झाकून ठेवण्याचे ते दिवस. आकाशातून कधी काय पडेल याची खात्री नाही, आदल्या वर्षीच लोक बिऱ्हाडे उचलून गावोगाव पळाले होते. अशा शहरातली खोली उजळ दाखवली असती तर ते खोटे झाले असते. तिरका कॅमेरा, लांबलेली सावली, हे त्या भीतीचेच रूप आहे. त्या भीतीशिवाय राजनचा गुन्हाही समजत नाही.

कारण राजनचा गुन्हा हा आहे की तो जपान्यांना गुपिते विकायला निघाला आहे. त्याच्या संशोधनाला सरकारदरबारी दाद मिळाली नाही. हुशार माणसाचा अपमान झाला आणि त्या अपमानाला त्याने तत्त्वज्ञानाचा मुलामा दिला. उषाला हे कळते. ती देशप्रेमाच्या संस्कारात वाढलेली. तिच्याच हातून गोळी सुटते.

हे सांगून झाल्यावर रहस्य संपते, कबूल. पण इथेच आमच्या घरातल्या सगळ्यांत वयस्कर मावशींनी विचारले, 'देश कुणाचा होता गं तेव्हा?' सगळे गप्प झाले. ऑक्टोबर 1943. मद्रासवर बॉम्ब पडले त्यानंतर दहाच दिवसांनी, 21 तारखेला, सिंगापुरात नेताजींनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली, आणि त्यांच्या पाठीशी जपान होता. ज्या सरकारची गुपिते राजन विकतो ते सरकार इंग्रजांचे. मग तो द्रोह कुणाशी करतो? चित्रपट स्वातंत्र्यानंतर सात वर्षांनी आलेला आहे आणि त्याचे उत्तर उषाच्या बाजूचे आहे: सत्ता कुणाचीही असो, बॉम्ब पडतील ते आपल्या माणसांवर. राजन विकतो आहे ते शेजारपाजारचे जीव, आणि तेही स्वतःच्या दुखावल्या मानासाठी. नेताजींचा मार्ग आणि राजनचा सौदा यांतले अंतर इथेच आहे. कुणाला हे उत्तर पटणार नाही, पण ज्या चित्रपटातून हा प्रश्न उभा राहतो त्याला पोकळ कसे म्हणता येईल?

दोष आहेत आणि ते झाकण्याची मला गरज वाटत नाही. शेवटाकडे संवाद भाषणाच्या अंगाने जातात, जे डोळ्यांनी कळले होते ते पुन्हा तोंडाने सांगितले जाते. हेमा आणि अंबुजम या बायका ठरीव साच्यातल्या आहेत. उषाला जेवढे मन दिले त्याचा चौथा हिस्साही त्यांच्या वाट्याला आला नाही. कुणी या बाजूने टीका केली असती तर मी मान डोलावली असती. पण 'देखणा आहे म्हणून उथळ' हा तर्क मला मान्य नाही. तो लावला तर ज्या चित्रपटाचे एकही दृश्य लक्षात राहत नाही तोच सखोल ठरेल.

आणि शिवाजी गणेशन. सुरुवातीला दुसऱ्या नटाला घेऊन काही भाग चित्रित झाला होता. मय्यप्पनना तो पसंत पडला नाही आणि राजनची भूमिका गणेशनकडे आली. 'पराशक्ती'त एकामागून एक संवादांची सरबत्ती करून ज्याने तमिळनाडू जिंकला, तोच नट इथे आवाज खाली ठेवून बोलतो. अपमान गिळतानाचे त्याचे डोळे बघितले की हा माणूस सुटेल की बुडेल याची धास्ती वाटू लागते, आणि तो मेलेला आहे हे तर आपल्याला पहिल्या क्षणापासून ठाऊक असते. शेवट माहीत असूनही ज्याच्यासाठी जीव वरखाली होतो, त्याचा चित्रपट शेवट कळल्याने कसा संपेल?

दुसऱ्यांदा हा चित्रपट पाहिला तेव्हा मी खुन्याचा शोध घेत नव्हते. मी पंढरीबाईंकडे बघत होते. भटकळला जन्मलेली ही नटी 'पराशक्ती'तही गणेशनबरोबर होती. इथे ती नवऱ्याच्या प्रेताजवळची विधवा आहे. पहिल्या पाहण्यात मी तिच्या त्या गप्प बसण्याला शोक समजले होते. शिवानंदम बाकीच्यांना खोदून खोदून विचारतो, घरातली माणसे एकमेकांवर आळ घेतात, घरातली लक्तरे बाहेर येतात, आणि तेवढा वेळ त्या बाईला सगळे ठाऊक आहे. गोळी कुणाच्या हातून सुटली ते ठाऊक आहे, आपण ज्याच्यावर जीव लावला तो काय करायला निघाला होता तेही ठाऊक आहे. तिसऱ्या वेळी मी मावशींना शेजारी बसवले आणि उषा पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हा काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, 'हिला माहीत आहे बघ.'